वीस हात पट्टा आणि एक हिसका

मित्रांनो, मागच्या फाटकाला गुंडाळलेला काळपट, भेगाळलेला चामड्याचा पट्टा दिसतो ना, तो मी. वीस हात लांब आहे. बघून नाक मुरडू नका. एके काळी मला दर आठवड्याला तेल लागायचं आणि मला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

घोड्यांची खोगिरं करणाऱ्या एका कारागिराने मला शिवलं. दुहेरी टाके घातले, टोकाला पितळी कडी बसवली आणि म्हणाला, "हा काही तुटायचा नाही." खरंच तुटलो नाही. तुटलो असतो तर बरं झालं असतं.

मला घेतलं मास्तरांनी. शाळेतले मास्तर नव्हेत. ते कुत्र्यांना वासावरून माग काढायला शिकवायचे. त्यांचा नवा विद्यार्थी म्हणजे एक तपकिरी कुत्रा. त्याचे कान पाणी पिताना भांड्यात बुडायचे, म्हणून मास्तरांची बायको त्याला लंबकर्ण म्हणायची. पक्का हट्टी! 'बस' म्हटलं की उभा राहायचा, 'ये' म्हटलं की पाठ फिरवायचा. मास्तरांच्या नाकी नऊ आणले त्याने.

सरावासाठी माग घालायच्या मास्तरांच्या आई. आजींना विसरायला व्हायचं. सकाळी जेवलो की नाही, हेही आठवायचं नाही, पण हे काम त्यांना मनापासून आवडायचं. मुठीत बिस्कीट घेऊन मैदानातून चालत जायचं आणि लांब कुठेतरी बसून राहायचं. त्या चालायच्या त्या वाटेवर मास्तर लाल झेंडे रोवत जायचे. "आई, तो आल्याशिवाय उठायचं नाही हं," असं रोज बजावायचे. तेवढं मात्र आजी कधी विसरल्या नाहीत.

आता गंमत ऐका. वास काही झेंड्यांवरून चालत नाही. वारा आला की तो बाजूला सरकतो, गवतात नाहीतर कुंपणाशी साचतो. लंबकर्ण तिकडे वळायचा. त्याच्या मानेतली ती खात्री माझ्या अंगातून जायची, म्हणून मला कळायचं. मास्तरांना फक्त झेंडे दिसायचे. "हट्टी लेकाचा!" म्हणत ते हिसका द्यायचे, आणि तो त्याच्या मानेपर्यंत पोचवायचो मीच.

आजी लांबून ओरडायच्या, "अरे, ओढतोस कशाला? मला शोधतोय ना तो? येईल की!"

"आई, तुला यातलं काय कळतं?"

पाच महिन्यांत लंबकर्ण सुधारला. म्हणजे मास्तर तसं म्हणायचे. वळण आलं की तो थांबायचा, मागे वळून मास्तरांच्या हाताकडे बघायचा आणि हात सांगेल तिकडे जायचा. मी कायम ढिला राहू लागलो. स्पर्धेत त्याला सर्वांत आज्ञाधारक कुत्रा म्हणून कप मिळाला. लोकांनी मलाही हातात घेऊन पाहिलं आणि मीही फुगलो. आता सांगायला लाज वाटते.

त्या दिवसांत मास्तरांची बायको एकच टुमणं लावून बसली होती. "अहो, मागच्या फाटकाची कडी निखळली आहे. आई निघून जातील एखाद दिवशी." मास्तर म्हणायचे, "उद्या बघतो." कप ठेवायला काचेचं कपाट मात्र लगेच आलं.

आणि एका दुपारी आजी दिसेनात. थंडीचे दिवस होते, वारा सुटला होता. अंथरूण रिकामं, फाटक उघडं, टेबलावर बिस्किटांचा डबा उघडा. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला, तरी म्हणाले, "घाबरू नकोस. लंबकर्ण आहे ना!"

त्यांनी त्याला आजींच्या उशीचा अभ्रा हुंगायला दिला. फाटकाबाहेर पडताच तो डावीकडे, बंद पडलेल्या रोपवाटिकेकडे असा झेपावला की कितीतरी महिन्यांनी मी ताठ झालो. अरे, जा! पळ! पण तो थांबला. शिकवल्याप्रमाणे मागे वळला आणि मास्तरांच्या हाताकडे बघू लागला.

त्या दिवशी झेंडे नव्हते. मास्तरांना काहीच माहीत नव्हतं. "तिकडे कशाला जाईल ती?" ते बायकोला म्हणाले. "जुन्या घराकडे गेली असणार." आणि त्यांनी मला उजवीकडे हिसका दिला. मी तो पोचवला. लंबकर्ण हूं की चूं न करता उजवीकडे चालू लागला.

अंधार पडेपर्यंत आम्ही जुन्या घराजवळच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिकेत जुन्या कुंड्या न्यायला आलेल्या माणसाला आजी सापडल्या. फाटकापासून तीनशे पावलांवर, मोडक्या छपराखाली, भिंतीला टेकून बसलेल्या. अंग थंडगार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत त्या जिवंत असाव्यात. त्यांच्या मुठीत बिस्कीट होतं. त्या हरवल्या नव्हत्याच हो! माग घालून बसल्या होत्या. तो आल्याशिवाय उठायचं नव्हतं ना.

"ऐन वेळी कुत्र्याने दगा दिला," मास्तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले. आठवड्यात त्यांनी लंबकर्णाला एका गोदामाच्या राखणदाराला देऊन टाकलं. जाताना तो मुकाट गेला. शिकलाच होता तसं.

बायकोने त्यांना एकदाच विचारलं, "तो आधी डावीकडे जात होता ना हो?" मास्तर मला घेऊन फाटकाकडे गेले. फाटकाची कडी त्यांनी अजून बसवलेली नाही. मलाच गुंडाळून गाठ मारली. आता फाटक पक्कं बंद असतं. निघून जाणारं घरात कुणी उरलं नाही, ते सोडा.

मित्रांनो, मला तेल लावा म्हणून मी गयावया करणार नाही. सुकू दे मला. पण उद्या कुणाचा पट्टा तुमच्या हातात आला आणि तो तुमचं न ऐकता भलतीकडेच ओढू लागला, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी चार पावलं त्याच्या मागे चालून बघा. त्या कारागिराने मला वीस हात लांब शिवलं होतं, ते मागे चालण्यासाठी. हिसके द्यायला दोन हातही पुरले असते.