तीन दात आणि एक शिट्टी

देवाजीभाऊंच्या तोंडात एकोणतीस दात होते. खाली सोळा, वर तेरा. वरच्या रांगेत अगदी समोर तीन दातांची मोकळी जागा होती, आणि त्या जागेतून त्यांची शिट्टी कायमची निसटली होती.

दात पाडले बुलेटनं. बुलेट म्हणजे त्यांच्या पटाच्या जोडीतला उजवा बैल, डावा पाखऱ्या. भाऊ गळ्यात घुंगरं बांधायला वाकले आणि त्याच वेळी बुलेटला मान वर करावीशी वाटली. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आता काठी चालत नाही, टोकाला खिळा लावलेली तुतारी टोचणं तर नाहीच. छकड्यावर बसलेल्या माणसाकडे उरतो फक्त आवाज. भाऊ दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत आणि जोडी उधळल्यासारखी सुटे. मागच्या हिवाळ्यात ती ८.३१ सेकंदांत पोचली होती. शेजारच्या गावच्या लटारूची जोडी ८.२६. यंदा काहीही करून लटारूला हरवायचं होतं, आणि तोंडातून निघत होतं नुसतं 'फुस्स'.

"काऊन गा देवाजीभाऊ, ट्यूब पंचर झाली का?" लटारू भेटला की विचारायचा, आणि गाल फुगवून हुबेहूब करून दाखवायचा, "फुस्स!"

म्हणून पोळा झाल्यावर भाऊ चंद्रपूरला डॉक्टर नंदिनीच्या खुर्चीत जाऊन पडले.

"हाडात दोन स्क्रू बसवायचे, त्यांच्या आधारावर तीन दात," ती म्हणाली. "हिरडी सुन्न करणार आहे. दुखणार नाही, पण घरघर ऐकू येईल."

खरंच काही दुखलं नाही. फक्त आपल्या डोक्यात कोणी बोअर मारतंय असं वाटत राहिलं. मशीन थांबल्यावर भाऊंनी सुन्न ओठांनी कसंबसं विचारलं, "पानी लागलं का?" डॉक्टरला हसू आवरेना.

इकडे गावात रुखमाबाईंनी मटण शिजवलं होतं. नवरा दात बसवायला गेला म्हणजे दात घेऊनच येणार, यात कोणालाच शंका नव्हती. एसटी थांबली तेव्हा डफडेवाले तयार होते. भाऊ उतरले. वरचा ओठ भज्यासारखा सुजलेला.

"आ करा," रुखमाबाई म्हणाल्या. भाऊंनी आ केला. आत टाके होते.

"दात कुठी आहेत?"

"आधी हाडानं स्क्रू धरला पायजे. चार महिने."

"अवो, त्याच्या आधी तर धान निघते!"

डफडेवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि वाजवायला सुरुवात केली. गाव मटण जेवलं, नाचलं. भाऊंना डॉक्टरनं थंड आणि मऊच खायला सांगितलेलं; ते ओसरीवर बसून गार पेज पीत ठेका धरत राहिले.

मऊ खाणं थोड्याच दिवसांत सुटलं, बंदी राहिली ती खर्र्याची. तंबाखूनं हाड नीट धरत नाही, असं डॉक्टर म्हणाली होती. कोणी पुडी पुढे केली की रुखमाबाई कुठूनतरी उगवत. "स्क्रू सुटला त मीच पाना घेऊन बसवीन तुमचा!"

रोज संध्याकाळी भाऊ जोडी जुंपत आणि फुस्स फुस्स करत पळवत. बैल आधी वळून पाहायचे. मग हळूहळू त्यावरच पळायला लागले.

डिसेंबर सरता सरता डॉक्टरनं स्क्रू हाडात पक्के बसल्याचं तपासलं, मापं घेतली आणि दातांच्या रंगांची पट्टी पुढे केली. भाऊंनी सगळ्यांत पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"तुमचे बाकीचे एकोणतीस खर्र्यानं रंगलेत. त्यांच्यात हे लाइट लावल्यासारखे दिसतील."

"मंग चहाचा डाग पडल्यावानी द्या."

तसे दिले. ते बसले नेमके पटाच्या आदल्या दिवशी. जोडी घेऊन मुलगा कुलदीप पटाच्या गावी आधीच गेलेला. भाऊंनी एसटीतच शिट्टी मारली. ड्रायव्हरनं दचकून दोनदा ब्रेक मारला आणि कंडक्टरनं त्यांना मागच्या सीटवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी लटारूची जोडी ८.१९ मध्ये पोचली. मग भाऊ छकड्यावर चढले, रेषेपाशी आले आणि बत्तीस दातांनिशी शिट्टी मारली. झाडावरचे कावळे उडाले.

बैल उभेच.

भाऊंनी पुन्हा मारली. पाखऱ्यानं शेण टाकलं. मग भाऊंना उमगलं. चार महिने या जनावरांनी फुस्सशिवाय दुसरं ऐकलंच नव्हतं. त्यांनी फुस्स करायचा प्रयत्न केला, पण हवेला वाट कुठे होती? आणि हे दात काही काढून खिशात ठेवता येत नव्हते.

"भाऊ, बैल झोपून राह्यले का?" लटारू खुशीत येऊन बैलांच्या अगदी जवळ उभा राहिला. साऱ्या गर्दीकडे वळून त्यानं गाल फुगवले. "फुस्स!"

बुलेट आणि पाखऱ्या सुटले. भाऊ मागे कोलमडले, नवे दात घट्ट आवळून दोरीला लटकले. गर्दीत उभ्या रुखमाबाईंनी हसत हसत पदर तोंडात कोंबला. धुळीतून जोडी पलीकडची रेषा ओलांडून गेली.

घड्याळावर आकडा आला: ८.१४ सेकंद.