चपलांच्या रॅकजवळचा ओव्हर

कौसल्या सिस्टरला मी सोडणार न्हाई, हे मी चौकशीच्या दिवशीच ठरवलं होतं. लोक म्हणतात, माफ करून टाक. तुम्ही करा ना!

ड्युटी सुटताना पुढच्या सिस्टरला पेशंटचं सगळं सांगायचं, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. आमच्या जालन्याच्या आयसीयूत हा ओव्हर व्हायचा दाराशी, चपलांच्या रॅकजवळ. कौसल्याचं घर जाफराबादला. जीप भरली की ड्रायव्हर गेटवर हॉर्न मारायचा, आन् ही पायात चप्पल सरकवत म्हणायची, "समदं बराबर हाय गं, पळते मी."

पुंजारामबाबा म्हणून एक पेशंट होते, त्यांच्या वेळी पण तेवढंच बोलली. सकाळी राउंडला डॉक्टरांनी तिला तोंडी बजावलं होतं की बाबांना गिळता येईना, तोंडानं पाणी बिलकुल द्यायचं न्हाई. तिनं ते ना लिहिलं, ना मला सांगितलं. बाबा पाणी पाणी करून राह्यलते. मी चमच्यानं पाजलं. पाणी फुप्फुसात गेलं आन् त्यातच बाबा गेले.

चौकशीत कौसल्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं हिला." वा गं सटवे! बाबांचा लेक भागवत सगळ्यांसमोर ओरडला, "हिनं मारलं माझ्या बापाला!" आमच्या मस्तगड भागात किराणा दुकानात लोक माझ्या आईला विचारायला लागले, "ती नर्स तुमचीच पोरगी ना?" आईनं दुकानात जाणं सोडलं. नोकरी टिकली, नाव गेलं. आन् ते नाव मला परत पाहिजे होतं, कौसल्याच्याच तोंडून.

डॉक्टर म्हणाले, ओव्हरची पद्धत सुधारायला पाहिजे, कोण बघतं? मी हात वर केला. नियम मीच केले. ओव्हर बेडपाशी द्यायचा, मोठ्यानं, नातेवाइकासमोर. घेणारीनं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, शंका विचारायची. तिचं समाधान होईस्तोवर देणारीनं हलायचं न्हाई. डॉक्टर खूश. "दीपमाला, पेशंटचं लई भलं केलंस." झालंच भलं, चुका कमी झाल्या. पण मी काही देव न्हाई. कौसल्याची जीप चुकली की मला चहा जास्त गोड लागायचा.

मंग या हप्त्यात द्वारकाबाई भरती झाल्या, पुंजारामबाबांच्या मालकीण. लकवा मारल्ता. उशाशी भागवत. मला बघितलं आन् म्हणाला, "ही बाई माझ्या आईला हात लावणार न्हाई."

पण सकाळपाळी कौसल्याची, दुपारपाळी माझी, दुसरी सिस्टर न्हवतीच. भागवतसमोरच ओव्हर सुरू झाला. बीपी, सलाईन, लघवी, तिनं भराभर सांगितलं. शेवटी आवाज बारीक करून म्हणाली, "तोंडानं पाणी द्यायचं न्हाई. गिळता येत न्हाई."

"तोंडानं पाणी द्यायचं न्हाई," मी म्हणून दाखवलं. "एक शंका हाय, सिस्टर. पुंजारामबाबांचं पण असंच होतं. ते तुम्ही मला सांगितलं होतं का?"

"हे काय विचारणं झालं? माझी जीप निघाली!"

"माझं समाधान झालं न्हाई."

भागवतनं मान वर केली. "सांगा ना सिस्टर. सांगितलं होतं ना तुम्ही?"

"हो तर," कौसल्या म्हणाली.

"मंग द्वारकाबाईंच्या डोक्यावर हात ठेवून सांगा," मी म्हणाले.

भागवतनं आईचा हात घट्ट धरला, पण मला अडवलं न्हाई. कौसल्यानं हात उचलला. द्वारकाबाई टक लावून तिच्याकडंच बघत होत्या. हात काही डोक्यापर्यंत पोचेना.

"न्हवतं सांगितलं," ती पुटपुटली.

"ऐकू आलं न्हाई. ओव्हर मोठ्यानं द्यायचा असतो."

"न्हवतं सांगितलं गं! घाईत होते मी!" आन् ती हमसून रडायला लागली.

भागवत मटकन स्टुलावर बसला. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. "ताई, चुकलं माझं. पण बस करा आता, लई रडून राह्यल्या त्या."

"बाकीच्या बेडपाशी पण माणसं हायेत," मी म्हणाले. "पुन्हा सांगा, सिस्टर. या टायमाला माझं नाव घेऊन सांगा."