गुणाजीने दिलेलं डोकं

मी एक ट्रायलोबाइट आहे. नाव अवघड वाटलं तर खेकड्या-कोळंबीचा फार लांबचा, फार जुना नातेवाईक म्हणा. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी मी समुद्राच्या तळाशी रांगत होतो. मेलो, गाळात पुरला गेलो, गाळाचा दगड झाला आणि त्याबरोबर मीही दगड झालो. पुढे त्या समुद्राच्या जागी हिमालय उभा राहिला. मला कोणी विचारलं नाही.

तिथल्याच एका ओढ्याकाठी माझी अनंतरावांशी गाठ पडली. ते सर्वेक्षणाच्या कामावर होते. त्यांनी पाटीसारखा एक दगड हातोडीने फोडला आणि मी उजेडात आलो. पण माझं डोकं दुसऱ्या तुकड्याबरोबर उडून पाण्यात पडलं. अनंतरावांनी गुडघाभर पाण्यात उतरून ते शोधलं. सापडलं नाही. मग मला रुमालात गुंडाळत म्हणाले, "चल, बिनडोक्या. मुंबईत खपून जाशील."

अंधेरीच्या घरात फडताळाचा एक खण आम्हा दगडांचा होता. पद्मजाबाईंना, म्हणजे अनंतरावांच्या पत्नीला, आमचं कौतुक नव्हतं. "लोक तिकडून बायकोला शाल आणतात," त्या म्हणायच्या. "शाल विटते गं," अनंतराव म्हणायचे आणि मला त्यांच्यासमोर धरायचे. त्या तांदूळ निवडता निवडता "हो, छान आहे" म्हणायच्या. नजर ताटातच असायची. त्यात दुष्टावा नव्हता. पुन्हा कधीतरी बघू, असं माणसांना वाटतं.

एका जानेवारीत तापाचं निमित्त झालं आणि अनंतराव गेले. मी त्यांच्या मेजावर होतो. नुसताच पडलेला मी पद्मजाबाईंना बघवेना. त्यांनी मला फडक्यात बांधून वाकोल्याला गुणाजीकडे धाडलं, लाकडी बैठक करून घ्यायला. गुणाजी मालवणकडचा, शाडूचे गणपती करायचा, पाटही करायचा. त्याच्याकडून मी परत आलो तो बैठकीसकट आणि डोक्यासकट. पद्मजाबाईंनी मला फडताळात ठेवलं आणि दार लावलं. त्या दिवसांत त्यांना समोरचं माणूसही धड दिसत नव्हतं.

दोनेक वर्षांनी त्यांचं मुलुंडला भावाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा दगडांचा प्रश्न आला. घाटकोपरचे मार्तंड मास्तर शाळेसाठी दगडांचं कपाट उभं करत होते. विकत घ्यायला ते स्वतः आले. पद्मजाबाईंची अट एकच होती: कपाटावर अनंतरावांचं नाव असावं.

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. माझ्या पाठीच्या वळ्या बघताना त्यांचा चेहरा उजळला. मग भिंग डोक्यापाशी आलं आणि थांबलं.

"पद्मजाबाई, हा माझ्याकडे बघतोय."

"म्हणजे?"

"याच्या जातीचे डोळे गालांवर असतात, बाजूला. हे समोर आहेत, कमळाच्या पाकळीसारखे. आणि जरासा हसतोयही."

त्यांनी मला उचलून चक्क जीभ लावली. पद्मजाबाई मागे सरकल्या.

"माफ करा, जुनी खोड आहे. असा दगड जिभेला चिकटत नाही, कच्ची माती चिकटते. अंग खरं आहे, डोकं मातीचं. बाजारात हे फार चालतं. बिनडोक्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून डोकं बसवून विकतात. मी स्वतः फसलोय. अनंतरावांनाही कोणी फसवलं असेल. किंवा..."

"किंवा काय?"

"काही नाही." मास्तरांनी भिंग खिशात टाकलं. "पण एक असा निघाला की बाकीच्यांचीही शंका येते. शाळेत ठेवायचे आहेत, बाई. मुलं विश्वास ठेवतात."

ते गेल्यावर पद्मजाबाई माझ्यासमोर बसून राहिल्या. नवरा हा दगड दाखवायचा तेव्हा त्याला डोकं होतं का, हे त्यांना काही केल्या आठवेना. मला सगळं ठाऊक होतं. पण तोंड होतं ते मातीचं.

सकाळी त्या मला घेऊन वाकोल्याला गेल्या.

"गुणाजी, खरं सांगा. मी दिला तेव्हा याला डोकं होतं?"

"नाय होतां," गुणाजी हात पुसत म्हणाला. "सायब जावन म्हयनो नाय झालेलो. तशा घरात मोडकी वस्तू परत कशी धाडू? मगे मियाच घडवलंय. डोळे बरे इलेत ना?"

पद्मजाबाई तिथल्याच एका पाटावर बसल्या. "मला वाटलं, यांनीच..."

"सायबांनी? छ्या. सायब खोटां कित्याक करतीत?"

त्यांनी मला गुणाजीच्या हातात दिलं. "हे डोकं काढून टाका."

गुणाजीने मान हलवली. "डोळे आखलेली वस्तू मी हातान फोडूचंय नाय, बाई."

"मग?"

"पाण्यात सोडूया."

त्याने बादली भरली आणि दोन्ही हातांनी मला आत ठेवलं. पाणी गढूळ होत गेलं. "ह्येका 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणूचा काय?" त्याने विचारलं.

"नको. एकदा आला तेवढा पुरे," पद्मजाबाई म्हणाल्या आणि पदराने माझं ओलं अंग टिपू लागल्या. टिपताना त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तिथून त्या थेट घाटकोपरला गेल्या. काय झालं ते मास्तरांना सांगितलं आणि मला टेबलावर ठेवलं. मास्तरांनी मोडलेली कड भिंगातून बघितली, जीभ लावली, बाकीच्या दगडांसाठी परवा येतो म्हणाले.

"या. पण काल तुम्ही 'किंवा' म्हणालात, ते आधी मागे घ्या."

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "घेतलं, बाई."

आता मी शाळेच्या कपाटात आहे. वर अनंतरावांचं नाव आहे. माझ्यासारखा कोणी विकत घ्यायची वेळ आली, तर त्याच्या देखणेपणावर जाऊ नका. कुठे मोडलाय ते आधी विचारा. मोड लपवणारा प्रत्येक जण लबाड असतो असंही नाही. मुलं विचारतात, याचं डोकं कुठे गेलं? मास्तर सांगतात, ठाऊक नाही. ते उत्तर मला आवडतं.

पद्मजाबाई मुलुंडहून अधूनमधून येतात. मला खिडकीच्या उजेडात धरतात आणि एकेक वळी बघत बसतात. घंटा होते, वर्ग सुटतात, तरी त्यांचं बघणं संपत नाही. बघू दे त्यांना. मला कुठे जायचं नाही.