सेल्फ लागेना

कवडूच्या पायाला प्लॅस्टर चढलं, त्याच आठवड्यात त्याच्या अ‍ॅम्बेसेडरनंही हट्ट धरला. किल्ली फिरवली की बोनटखाली 'कट' असा एक आवाज यायचा आणि पुढे सगळं गप्प. इंजिन चालू करणारी सेल्फची मोटर फिरायलाच तयार नव्हती.

त्याच्या बदली ही टॅक्सी चालवायला त्याच्या बायकोचा, कौसल्येचा, धाकटा भाऊ गोविंदा आला होता. शनिवारी कोराडीच्या वाटेवर रेल्वे फाटकाशी गाडी अडली. मागे कोळशाचे ट्रक भोंगे वाजवत उभे, आणि आत यमुताई अवघडून बसलेल्या. यमुताई कोराडीच्या कॉलनीतल्या शाळेत शिकवायच्या. पोलिओनं पाय गेलेले, दोन्ही काखांत कुबड्या. बसची पायरी त्यांना जमत नसे, म्हणून कवडू त्यांना शहरातल्या महाल भागातून रोज नेई-आणी. शेवटी ट्रकवाल्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. सोमवारी तर शाळेची तपासणी होती.

रविवारी सकाळी गॅरेजवाले रुपराव घाईघाईत येऊन गेले. आवाज ऐकून म्हणाले, "मोटर जळली असन. उद्या दुपारी माणूस पाठवतो, काढून नेईन. वाइंडिंग भरून यायले हप्ता तरी लागन."

"तवर यमुताई कशा जातीन?" कौसल्येनं विचारलं.

कौसल्या उमरेडच्या कोष्ट्यांची लेक. लग्न होऊन गोळीबार चौकात आली तरीही मागावरच बसली, माग बंद पडेपर्यंत. गाडीचं बोनट तिनं कधी उघडलं नव्हतं. पण कवडूची खाट खिडकीशी होती आणि गाडी खिडकीबाहेर. तिनं पदर खोचला.

"तुमी सांगत जा. हात माहे."

कवडू हसला. "मोटर म्हणजे का सुताचा रहाट हाये वं?"

"रहाट नसन, पण वायर म्हणजे धागाच ना? कुठं तरी तुटला असन."

त्याचं हसू मावळलं. बायको ऐकणार नाही हे त्याला कळलं, आणि त्याच्याही डोक्यात चक्र सुरू झालं. "गोविंदा, पुढचे दिवे लाव अन् मग सेल्फ मार. कौसल्ये, दिवे पाह्य. मंद होते का?"

'कट'.

"जरासे. विझत नाई."

"मंग मोटर जळली नसन," कवडू कोपरावर उठून बसला. "जळून अडकलेली मोटर बॅटरी खाते, दिवे मरते. इथं मोटरीपर्यंत करंटच पुरा जाऊन नाई राहिला."

बॅटरीची टोकं तिनं घासून कसली. मोटरीकडे जाणारी जाड वायर ओढून पाहिली, पक्की. पुन्हा 'कट'. गोविंदा कंटाळून चहा प्यायला निघाला, तिनं त्याला खांद्याला धरून परत बसवलं. "अजून मार. चोक ओढून मार."

त्यानं चोक ओढला, दोन-तीनदा किल्ली फिरवली. कौसल्या बोनटखाली वाकली होती. आधाराला तिनं हात टेकला तो डॅशबोर्डापासून इंजिनाला गेलेल्या चोकच्या तारेवर, आणि तिनं चटकन हात मागे घेतला.

"बाप्पा! हे तार काहून तापली?"

कवडू खिडकीतून पुढे वाकला.

"चोकची? बरोबर पाह्यलं का?"

"बोट पोळलं माहं."

कवडूनं कपाळावर हात मारला. मोटरीतून गेलेला करंट इंजिनातून गाडीच्या लोखंडी चासीत, आणि चासीतून बॅटरीत परत यायला हवा. इंजिन तर रबरावर बसवलेलं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून दोघांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी खाली असते. ती वाट बंद, म्हणून बिचारा करंट चोकच्या बारक्या तारेतून वाट काढत होता.

कौसल्या पोतं अंथरून गाडीखाली सरकली. पट्टी दिसली, चिखलानं माखलेली. दोन्हीकडचे बोल्ट घट्ट. "तुटली नाई जी. चांगली हाये."

"मंग ते नसन," कवडू हताशपणे म्हणाला.

ती मात्र पडूनच राहिली. मागावर तिनं असे कितीतरी धागे पाहिले होते, वरून साबूत दिसणारे आणि फणीपाशी झिजलेले. बाहेर येऊन तिनं विचारलं, "दुसरी वाट करून देता येते का त्याले?"

कवडूचे डोळे चमकले. डिक्कीत दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायच्या जाड वायरी होत्या. एकीचं एक टोक तिनं चासीला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.

"मार गा," तिनं गोविंदाला सांगितलं.

मोटर गर्र फिरली आणि इंजिन एका दमात चालू झालं. गोविंदानं दार उघडून आनंदानं बाहेर उडीच मारली. कौसल्या बोनटला धरून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

पट्टी सोडवून हातात घेतली तर बोल्टाजवळ आतून हिरवीगार, कुजलेली. चिमटीत भुगा झाला. बाजार बंद, म्हणून कवडूच्या पेटीतल्या जुन्या बॅटरी केबलचा तुकडा कामी आला. चासीचा गंज तिनं कानशीनं घासला, कवडूनं "बस" म्हटल्यावरही घासला, लोखंड चांदीसारखं होईतो.

सोमवारी सकाळी ती गोविंदाशेजारी बसून स्वतः महालात गेली. यमुताई कुबड्या सावरत आत बसल्या. "गोविंदा, इंजिन बंद करू नकोस हं," त्या भीतभीत म्हणाल्या.

"बंद कर," कौसल्या म्हणाली.

त्यानं केलं. गल्ली शांत झाली.

"आता लाव."

गाडी लागली. तिनं डॅशबोर्डाखाली हात घालून चोकची तार चाचपली. थंडगार होती. मग ती उतरली, दार लावलं, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.