पदराचा धागा

कुसाबाईंनी स्वतःच्या लुगड्याच्या पदरातून एक धागा ओढून काढला, मीठ-मोहरीबरोबर सुनेवरून उतरवला आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकला. खोलीत जळकट वास पसरला.

"सुटंल बघ आता," त्या म्हणाल्या.

मीना खाली मान घालून बसली होती. सिन्नरच्या कंपनीची बस गाठायची होती, पण त्याआधी हे रोजचंच झालं होतं. पदराची कड आता पार विरली होती.

ज्याची नजर लागली त्याच्याच कपड्याचा धागा जाळावा, असं कुसाबाईंच्या हरसूलकडे मानत. नजर आपलीच लागली याबद्दल त्यांना शंका नव्हती. नातीच्या बारशाला भरल्या घरात त्याच बोलून बसल्या होत्या, "आमच्या मीनाला दुभत्या म्हशीवाणी दूध हाय." बायका पोट धरून हसल्या होत्या. पुढे मीना कामावर रुजू झाली आणि थोड्याच दिवसांत तिचं दूध आटलं. मग दुसऱ्या कुणाला बोल लावायला त्यांच्याकडे जागाच नव्हती.

दूध आटलं नव्हतं. मीना खोटं बोलली होती.

विजेची बटणं बनवणाऱ्या त्या कंपनीत, लाइनवर बसल्या बसल्या, एकदा तिचा निळा एप्रन छातीवर भिजला. सुपरवायझर समोर उभा राहून काहीतरी समजावत होता, तो मधेच थांबून दुसरीकडे बघायला लागला. शेजारची म्हणाली, "अगं, उतू चाललंय तुझं." सगळी लाइन हसली. हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण मीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणाल्या, डब्याचं दूध घाल की, पोरं गुटगुटीत होतात, शिकलेल्यांच्या घरी सगळे तेच देतात. मीनाला ते पटलं, कारण तिला पटवूनच घ्यायचं होतं. तिला ती नोकरी आवडत होती. एप्रन घालून, डबा घेऊन बसमध्ये खिडकीशी बसणं आवडत होतं. हे कुणाला सांगायचं? पाजायचं नाही म्हणणारी बाई कैदाशीण, आणि दूध आटलेली बाई बिचारी. मीनाने बिचारी व्हायचं ठरवलं.

"आत्या, दूध आटलं," एवढंच ती घरी येऊन म्हणाली. त्या दिवसापासून ती ब्लाउजच्या आतून जुन्या साडीची पट्टी आवळून बांधायची, आणि कंपनीच्या बाथरूममध्ये नळ सोडून दूध पिळून टाकायची. छाती ठणकायची. ते दुखणं तिला बरंच वाटायचं, निदान आपण काहीतरी भोगतोय म्हणून.

पण खोट्याची झळ भलत्यालाच लागली. कुसाबाई नातीला सांभाळायला म्हणून मुद्दाम हरसूल सोडून पेठ रोडच्या या खोलीत आल्या होत्या. आता त्या तेजलला बाटली पाजायच्या त्या तोंड भिंतीकडे करून. पोर हसली तरी बघायच्या नाहीत. "नगं बाई, माझी नदर लय वंगाळ," म्हणायच्या. मीनासाठी अळिवाची खीर करायच्या आणि वाटी तिच्यापुढे न ठेवता लांबून सरकवायच्या. सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि तोंड उघडलं की भलतंच काही बाहेर पडे.

शेवटी एका रविवारी कुसाबाईंनी पिशवी भरली.

"मी हाय तवर दूध यायाचं नाय. शेजारची सविता बघंल पोरीला."

"आत्या, राहा ना," मीना म्हणाली. तिचा नवरा किशोर रिक्षा घेऊन आधीच बाहेर पडला होता. असल्या गोष्टी बायकांच्या बायकांनी बघाव्यात, असं त्याचं मत.

मीना तेजलला काखेत घेऊन सासूला स्टँडवर सोडायला गेली. हरसूलची गाडी लागली नव्हती. दोघी बाकावर बसल्या, मधे पिशवी. तेवढ्यात तेजल भुकेने रडायला लागली. कुसाबाईंचे हात सवयीने पुढे आले आणि मधेच थांबले. मीना खांद्यावरच्या पिशवीत बाटली शोधत होती. घाईत बाटली घरीच राहिली होती, आणि सुट्टीचा दिवस म्हणून छातीवरची पट्टीही.

पोरीने टाहो फोडला आणि मीनाला पान्हा फुटला. तिने हाताने दाबलं, पदर ओढला, पण हिरवं ब्लाउज बघता बघता काळपट ओलं झालं.

कुसाबाई बघत राहिल्या. बराच वेळ त्यांना काही उमगेना. मग उमगलं.

"आटलं नव्हतं?"

मीनाने मान हलवली. शिवी येईल म्हणून ती थांबली. आली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग..." कुसाबाईंचा आवाज बारीक झाला, "माझी नदर नव्हती?"

"नव्हती, आत्या."

मधली पिशवी खाली ठेवून कुसाबाई जवळ सरकल्या, खांद्यावरचा विरलेला पदर सोडवला आणि मीनाच्या अंगावरून पोरीवर घातला.

"पाज तिला. लोकं बघत्यात."

तेजलने तोंड लावलं, सोडलं, मान फिरवून पुन्हा रडली. बाटलीची सवय झालेल्या पोरीला आईचं दूध परकं वाटत होतं. "पुन्यांदा लाव. घेईल," कुसाबाई म्हणाल्या.

हरसूलची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. कुसाबाई उठल्या नाहीत. स्वतःच्याच पदराखाली डोकं घालून त्या नातीचं तोंड निरखत होत्या, भुवया, नाक, ओठ, सगळं पोटभर. आणि मीनाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.