दाराखालची फट

गुंडूने पातेल्यावर झाकण आपटलं, आवाजाने दचकला आणि मग स्वतःच्याच पराक्रमावर खूश होऊन खिदळला. आजोबांनी झाकण टॉवेलखाली लपवलं. महिन्याभरापूर्वीपर्यंत एखादी वस्तू लपवली, की त्याच्या लेखी ती जगातूनच गेलेली असे. आता त्याने टॉवेल ओढला, झाकण बाहेर काढलं आणि ‘एवढंच ना?’ अशा नजरेने आजोबांकडे पाहिलं.

फोन वाजला. सुनेचा. तिला ऑफिसला निघून पाच मिनिटंही झाली नव्हती.

आजोबांनी झाकण काढून घेतलं आणि गुंडूच्या हातात न वाजणारा कापडी हत्ती दिला.

"बाबा, रडतोय का हो?"

"रडतोय. पण जोर ओसरत चाललाय. दुपारपर्यंत उघडीप."

आजोबांची हयात हवामान खात्यात गेली होती. अंदाज चुकला तरी आवाज चुकू द्यायचा नाही, एवढं ते तिथे पक्कं शिकले होते. सून नोकरीवर परत रुजू झाली त्या दिवशी मात्र त्यांनी खरं सांगून पाहिलं होतं. "एकदाही रडला नाही बघ. तुझी आठवणसुद्धा काढली नाही!" शाबासकीच्या अपेक्षेने. तिने लगेच फोन ठेवला. संध्याकाळी तिने चपला न काढताच गुंडूला उचललं. "ओळखतोस ना रे मला?" विचारलं थट्टेत, पण उत्तराची वाट पाहत उभी राहिली. जेवताना म्हणाली, "नवव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की मुलं रडतात, असं डॉक्टर म्हणाले होते. आपला का नाही रडत?"

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी बेताचं रडणं पुरवायला घेतलं. फार नको, नाहीतर ती नोकरी सोडेल. अगदीच कमी नको, नाहीतर पुन्हा तशी उभी राहील.

"आवाज नाही येत त्याचा," सून म्हणाली.

"दम खातोय."

नेमका तेव्हाच गुंडू हत्तीची सोंड चावून खदखदून हसला. आजोबांनी घाईने फोनवर तळवा दाबला. मग आजोबांच्या लक्षात आलं, की मघापासून तिचा आवाज दोन ठिकाणांहून येत होता: कानातून आणि दारापलीकडून. तिच्या किल्ल्या खुंटीवरच लटकत होत्या.

गुंडूला हे आधीच कळलं असावं. हत्ती टाकून तो रांगत दाराशी गेला आणि फरशीला गाल टेकून फटीतून बघू लागला. फटीतल्या उजेडात दोन पावलांच्या सावल्या होत्या.

"म्म," तो म्हणाला. "मम्मम."

सावल्या हलल्या. आधी एक गेली, मग दुसरी. फटीत नुसता उजेड उरला.

गुंडू उठून बसला. बंद दाराकडे मान वर करून पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, आणि मग त्याने जो सूर लावला तो आजोबांच्या कुठल्याच अंदाजात बसणारा नव्हता.

फोन अजून चालूच होता. जिन्यातली पावलं थांबली.

"बाबा?"

"पोरी," आजोबा म्हणाले, "हे रडणं खरं आहे."

पलीकडे नाक ओढल्यासारखं काहीतरी झालं. कदाचित ती हसलीही असेल.

"आधीचंही बरं जमलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

आजोबा कडी काढायला गेले, पण दार उघडणार कसं? गुंडू त्यालाच खेटून बसला होता. जिन्यातली पावलं वर येऊ लागली. त्याने रडणं अर्धवट सोडलं आणि गाल पुन्हा फरशीला टेकला.