झांज कुठे गेली?

मित्रांनो, माळ्यावर पिंपाच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेला तो काळा खोका दिसतोय ना? आणि त्याला टेकून डब्याएवढे दोन स्पीकर? तो खोका म्हणजे मी. ॲम्प्लिफायर. स्पीकर माझी पोरं म्हणा हवं तर. मी बारीक आवाज घ्यायचा, मोठा करून पोरांच्या हाती द्यायचा आणि पोरांनी तो घरभर वाटायचा, असा आमचा संसार.

माझा जन्म बुधवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत झाला. मला जोडणारा कारागीर इतका किडकिडीत होता, की डाख लावताना धूर निघाला की त्याच्याबरोबर तोही वर जायचा. मग मालक त्याला झाडूने खाली ओढायचा. माझ्या पोटात तांब्याची तार एवढी, की उलगडली असती तर कात्रजच्या सर्पोद्यानात जाऊन, साप बघून, परत आली असती. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी असा काही खाकरलो, की शेजारच्या दुकानातली पातेली नाचत नाचत रस्त्यावर आली. एक तर बसमध्ये चढून थेट स्वारगेटला उतरलं. खोटं वाटतं? जाऊन विचारा. तिकीट काढलं नव्हतं म्हणून अजून तिथेच बसलंय.

तर असा मी श्रीधरशेठच्या दुकानात फळीवर येऊन बसलो. तेव्हा परदेशी मालाला बाजार नुकताच उघडला होता. परदेशी खोके आले होते, अंगभर लाल-हिरवे दिवे लुकलुकणारे. गिऱ्हाईक यायचं, दिवे बघायचं आणि दिवेच घेऊन जायचं. माझ्या तोंडावर एकच दिवा, तोही मिणमिणता. मी धूळ खात होतो.

एका रविवारी रामदास आला. विश्रांतवाडीला राहायचा, भोसरीकडच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला होता. बरोबर बायको शालन आणि मुलगी आम्रपाली. मुलगी इंजिनीअरिंगला, कॉम्प्युटर शिकणारी. रामदासची तक्रार एकच होती. घरचा टेपरेकॉर्डर बसलाय, त्याचा आवाज बोथट झालाय.

"टेप चांगला वाजतोय, पप्पा," आम्रपाली म्हणाली.

"तुला काय कळतंय? तू दिवसभर कानात बोळे घालून बसतेस."

शालन म्हणाली, "आणलेत ना आता इथपर्यंत? घ्या काय घ्यायचं ते. पण तुमच्या त्या गुडघ्यासारखं पुन्हा पुन्हा दाखवायला आणायला लागेल असलं काही घेऊ नका."

श्रीधरशेठने चष्म्यावरून बघितलं. "खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"मग त्या कपाटाएवढ्या स्पीकरकडे काय बघताय? ते घेतलेत तर झोपणार कुठे, त्यांच्या आत? लहान खोलीला लहान स्पीकर. भिंतीला चिकटवायचे नाहीत, कोपऱ्यात कोंबायचे नाहीत. आणि पैसे मोजकेच असतील तर दिव्यांवर घालवू नका. गाणं कानाने ऐकायचं असतं."

रामदासने खिशातून स्वतःची कॅसेट काढली. फार वर्षांपूर्वी जयंतीला वस्तीतल्या गायन पार्टीचा कार्यक्रम झाला होता, तो कुणीतरी भरून ठेवला होता. तरुणपणी रामदास त्या पार्टीत झांज वाजवायचा. कॅसेटवर ढोलकी होती, पेटी होती आणि सगळ्यांच्या वर चमकणारी त्याची झांज होती.

मला दुकानातल्या टेपला जोडलं. डब्याएवढे स्पीकर समोर मांडले. आम्रपालीने डोळे मिटले आणि ऐकता ऐकता ती हसली. "पप्पा, हेच घेऊ. श्वास घेतलेला पण कळतोय."

रामदास मात्र कपाळाला आठ्या घालून उभा. "झांज कुठे गेली?"

"वाजतेय की!"

"ढोलकी वाजतेय. झांज कुठे आहे?"

श्रीधरशेठ म्हणाला, "झांज दुकानात आलीये. तुमच्या कानापर्यंत यायला तिला रिक्षा करून देऊ का?"

सगळे हसले. रामदासही हसला. पण मित्रांनो, मी समोरच होतो. तो बाकीच्यांची तोंडं बघून मग हसला.

मग त्याने माझं ट्रेबलचं बटण धरलं. ट्रेबल म्हणजे आवाजातलं बारीक, टोकदार असतं ना, ते वाढवणारं बटण. फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. आम्रपालीने कानांवर हात ठेवले, श्रीधरशेठने डोळे मिटून घेतले. रामदासचा चेहरा मात्र उजळला. "हां! आली बघ!" दुकानातल्या साऱ्या खोक्यांमध्ये माझंच बटण सगळ्यात लांब फिरायचं. म्हणून माझी निवड झाली. मला काय अभिमान वाटला तेव्हा!

घरी त्याच जुन्या टेपला मला जोडलं, आणि माझा थाट होता. शालनने माझ्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं. शेजारपाजारचे ऐकायला यायचे. मी एवढा गायचो, की विश्रांतवाडीच्या चौकातला सिग्नल माझ्या तालावर बदलायचा. ट्रॅफिक पोलीस शिट्टी ठेवून टाळ्या वाजवायचा.

भांडण फक्त बटणावरून व्हायचं. आम्रपाली अभ्यास संपवून ते मध्यावर आणायची. रामदास शिफ्टवरून आला की पुन्हा टोकाला न्यायचा.

"अहो, चमच्याने परात खरवडल्यासारखं होतंय," शालन ओरडायची.

"तुम्हाला मोकळा आवाज सोसत नाही."

"आम्हाला सोसत नाही, आणि भिंतींनी तर पोपडे सोडले!"

सगळ्यांना वाटायचं, याची आवडच कर्कश. मला मात्र दिसत होतं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी तो पेपर वाचत बसायचा. शालन पाठमोरी बोलली की "काय म्हणालीस?", समोरून बोलली की बरोबर उत्तर. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तो ओठांकडे बघायचा. मी सांगणार कसं? टेपमध्ये कॅसेट घालावी तेव्हा मी बोलणार, आणि बोलणार तेही कॅसेटचंच.

इथून पुढे मात्र मित्रांनो, मला काही फुगवून सांगता येत नाही.

एका सुट्टीच्या दुपारी घरात तो एकटाच होता. त्याने ती कॅसेट लावली, बटण टोकाला नेलं आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. थोड्या वेळाने कान काढून तिथे तळहात टेकला. झांज हाताला कळत होती. कानाला कळत नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला. "तूच बिघडलास म्हण ना रे," एवढंच म्हणाला.

मी बिघडलो नव्हतो. पंचवीस वर्षं प्रेसच्या दणक्यात उभं राहून त्याचे कान बारीक आवाजाला मेले होते.

त्याच महिन्यात कारखान्यात तपासणी होती. नव्या परदेशी यंत्रांबरोबर नवे साहेबही आले होते. ज्याचे कान किंवा डोळे कमी, त्याला स्वेच्छेने घरी बसवायचं असं ठरलं होतं. स्वेच्छा साहेबांची. आम्रपालीचं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं.

रामदास तपासणीत पास झाला. शालनने शिरा केला. संध्याकाळी त्याच्याच प्रेसवर काम करणारा दोस्त उत्तरेश्वर आला. शालन चहा टाकायला आत गेल्यावर त्याने विचारलं, "भाऊ, खरं सांग. कसं जमवलंस?"

रामदास आवाज खाली आणून म्हणाला, "तपासणारा काचेच्या पलीकडे बसतो. बटण दाबलं की त्याचा खांदा हलतो. खांदा हलला की मी बोट वर करायचो."

उत्तरेश्वर मांडीवर थाप मारून हसला. हसता हसता थांबला. "जुन्या प्रेसला खाली यायच्या आधी वाजणारा भोंगा होता. बहिऱ्यालाही दचकवायचा. ह्या नव्या प्रेसचं ते टीं-टीं पाखरासारखं वाजतंय. ते ऐकायला येतंय का तुला?"

"वर लाल दिवा लागतो ना. मी दिव्याकडे बघतो."

"आणि दिवा गेला तर कुणाचा खांदा बघशील?"

"आम्रूचं वर्ष होऊ दे," रामदास म्हणाला. "मग मीच जाऊन सांगतो साहेबाला. तू गप्प बस. तुला माझी शपथ आहे."

शालन चहा घेऊन आली आणि दोघं क्रिकेटवर बोलायला लागले.

आम्रपालीची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवशी सकाळी रामदास डबा घेऊन गेला आणि दुपारी उत्तरेश्वर एकटाच दारात आला. शर्टावर रक्त होतं. आत आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

"वहिनी, जीव वाचलाय. हात गेला. उजवा."

आम्रपाली म्हणाली, "कसा? यंत्र खाली यायच्या आधी वाजतं ना?"

"वाजलं की. दिवा गेला होता सकाळपासून. आवाज चालू होता." उत्तरेश्वरने तोंड फिरवलं. "आम्ही सगळ्यांनी ऐकला गं. त्याच्याशिवाय सगळ्यांनी."

आणि मग त्याने शपथ मोडून सगळं सांगितलं, काचेपलीकडच्या खांद्यापर्यंत. आम्रपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बटण टोकाला होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी तिने ते मध्यावर आणलं नाही.

रामदास दवाखान्यातून घरी आला तेव्हा बाही खाली लोंबत होती. आम्रपाली त्याच्यासमोर अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. तोंड त्याला दिसेल असं धरून सावकाश म्हणाली, "पप्पा, मला का नाही सांगितलं?"

"तू कॉलेज सोडून कामाला लागली असतीस."

"हो. लागले असते."

"म्हणून."

शालनने पदर तोंडावर घेतला. रडण्याचा आवाज रामदासला ऐकू गेला नसावा, कारण तो भिंतीकडे बघून म्हणाला, "शालन, चहा टाक ना."

आम्रपाली पास झाली. हिंजवडीला काचेच्या इमारतीत नोकरी लागली. पहिल्यांदा तिने काय केलं असेल, तर वडिलांसाठी कानात घालायचं यंत्र आणलं. रामदासने ते लावलं, आणि म्हणाला, "सगळं पत्र्यावर पडल्यासारखं वाजतंय." डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांपूर्वी आणलं असतंत तर सवय झाली असती, आणि आत जे मेलंय ते आता परत येणार नाही. यंत्र डबीत गेलं. मी इथे माळ्यावर आलो. मला कुणी टाकून दिलं नाही आणि कुणी परत लावलंही नाही. माझ्याकडे बघवत नाही म्हणतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटका म्हणून मी हे सांगत नाही. धूळ मला सवयीची आहे. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तुम्ही बोलताना तुमच्या ओठांकडे बघत असेल, तुम्ही हसल्यावर मग हसत असेल, तर त्याला ओरडू नका, त्याची नक्कल करू नका. जवळ जा आणि विचारा, नीट ऐकू येतं ना? तो हो म्हणेल. कारणं असतात माणसाला हो म्हणायची.

मग पाठ फिरवून उभे राहा, आणि पुन्हा एकदा विचारा.